हौदावरचे पंच

आम्ही खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला बघून शिट्टी मारली. तोंडाने नव्हे हो, खरीखुरी पितळी शिट्टी, काळ्या गोफात ओवून गळ्यात अडकवलेली. लग्नाला जेमतेम महिना झालेला, माझ्या अंगावर नवी कोरी साडी, आणि समोर पांढऱ्या लेंगा-सदऱ्यातला साठीचा माणूस शिट्टी वाजवून हाताने मला 'मागे सरा, मागे सरा' करतोय. आमच्या ह्यांचे कान लाल झाले. आता नाशकातल्या पहिल्याच दिवशी मारामारी होणार, असं मला वाटलं.

"सूनबाई, तुमची सावली हौदात पडतीये," ते म्हणाले. "गडी बिथरतो."

गडी म्हणजे कोण ते मला कळेना. मग बोटाच्या रोखाने पाहिलं. हौदाच्या काठाला एक बांबूची काडी खोचलेली होती आणि तिच्या टोकावर एक लालभडक चतुर पंख पसरून बसला होता. लहानपणी आम्ही ज्यांच्या शेपटीला दोरा बांधून उडवायचो, तोच तो चतुर. त्याच्यासाठी मला मागे सरायला लावलं होतं.

मी ह्यांना हळूच म्हटलं, चला, दुसरीकडे बघू, हे घर धड नाही. पण खोल्यांना स्वतंत्र मोरी होती, नळाला पाणी होतं, आणि ओझरच्या कारखान्याची बस कोपऱ्यावर थांबायची. नव्या संसाराला आणखी काय लागतं? राहिलो. एक-दोन वर्षं म्हणता म्हणता आठ-नऊ वर्षं राहिलो.

पंचवटी मागे टाकून मखमलाबादच्या रस्त्याला लागलं की त्या काळी दोन्ही बाजूंनी मळे होते. मेथी, कोथिंबीर, शेवंती, झेंडू. आमच्या घरमालकांचाही मळाच होता. अर्ध्या मळ्यावर घरं उठली, अर्ध्यात फुलं राहिली. पण सगळे त्यांना ओळखायचे ते पंच म्हणून. कुठल्याही मंडळाची कबड्डी असो, मधल्या रेषेवर हे उभे. चढाई करणारा गडी दम कुठे तोडतो, कुणाची टाच रेषेबाहेर जाते, हे त्यांना पाठीमागूनही कळतं अशी ख्याती होती. पुढे गुडघे गेले आणि मैदान सुटलं. शिट्टी मात्र सुटली नाही. वरणात मीठ कमी पडलं की शिट्टी. दूधवाल्याने फाटक उघडं टाकलं की शिट्टी. भाडेकरूंपैकी कुणी नळ धो धो सोडला की दोनदा शिट्टी. मी त्यांना काका म्हणायचे, त्यांच्या बायकोला काकू. काकू एकदा भाजी निवडता निवडता मला म्हणाल्या, "लग्नात अंतरपाट धरलेला, तवाबी ह्यांच्या गळ्यात ती होती. भटजींना लय वेळ लागला असता तर वाजवली असती."

तर असा हा माणूस, मैदान सुटल्यावर करणार काय? भाजी धुण्याच्या हौदापाशी टोमॅटोचा एक रिकामा क्रेट पालथा घालून बसायला लागला. बाजारात नेण्याआधी मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या धुवायचा तो जुना दगडी हौद. त्यात शेवाळ, कडेला थोडं गवत, आणि ऊन वर आलं की चतुर. काकांच्या लेखी तिथे रोज सामना असायचा.

आधी मी हसायचे. मग एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी मला दुसऱ्या क्रेटवर बसवलं आणि खेळ समजावून सांगितला. काडी हे घर. काडीवरचा गडी घरचा. हौदाचं सगळं पाणी त्याचं अंगण. परका चतुर अंगणात शिरला की घरचा उठतो, त्याच्या पाठी लागतो, दोघं गोल गोल फिरत वर जातात, आणि मग एकजण निघून जातो. घरचा परत येऊन नेमका त्याच काडीच्या टोकावर बसतो. "बघा, धक्का नाय, बुक्का नाय, शिवीगाळ नाय," काका म्हणायचे. "आपल्या जिल्ह्यातल्या एका संघाला जमलं नाय हे." आणि गंमत म्हणजे परका कितीही दांडगा असला तरी बहुतेक वेळा घरचाच जिंकायचा. ह्यात अंगातला जोर कामाला येत नाही, आधी येऊन बसलेला असावा लागतो, असं काकांचं मत होतं.

मादी आली की मात्र काका पाठ फिरवायचे. ती एरवी हौदाकडे फिरकत नाही, फक्त जोडी जमवायला आणि अंडी घालायला येते. ती पाण्यावर शेपूट टेकवत अंडी घालते आणि नर तिच्या डोक्यावर पहारा देत उडत राहतो. मला ते बघायचं असायचं. काका शेवंतीच्या वाफ्याकडे तोंड करून गंभीरपणे म्हणायचे, मध्यंतर आहे. आयुष्यात कधी सदरा न घालता बाहेर गेले नाहीत असे सभ्य गृहस्थ, चतुरांच्या बाबतीत ढिलाई कशी करतील?

दुपारी ऊन भाजायला लागलं की काडीवरचा चतुर शेपूट सरळ सूर्याकडे उभं करतो, म्हणजे अंगावर ऊन कमी पडतं. काका त्याला शीर्षासन म्हणत. एकदा त्याचं बघून स्वतःही करायला गेले आणि काकूंनी त्यांना वाफ्यातून उचलून आणलं.

आता नेलपॉलिशचा किस्सा सांगायलाच हवा. सगळे चतुर दिसायला सारखे, मग कालचा गडी आणि आजचा गडी एकच की वेगळा, हे पंचांना कसं कळणार? खेळाडूला नंबर नको? काकांनी जुन्या मच्छरदाणीची जाळी तारेच्या कड्याला शिवली, चतुर अलगद पकडला, चारही पंख दोन बोटांत मिटवून धरले आणि पंखाच्या टोकाला रंगाचा ठिपका लावायचं ठरवलं. ऑइलपेंट जड होतो, शाई धुऊन जाते. एका सकाळी आमचं दार वाजलं. दारात काका, मान खाली, आवाज एकदम बारीक. "सूनबाई, ते नखाला लावायचं काय आसंल तर द्या थोडं." मी मरून रंगाचं दिलं. पुढच्या आठवड्यात ते गुलाबी मागायला आले. मग त्यांनाच संकोच वाटला असावा, कारण एके दिवशी ते पंचवटीतल्या बांगड्यांच्या दुकानात जाऊन स्वतःच रंग बघून बाटल्या निवडायला लागले. उजेडात धरून, स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर लावून. संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीत झालं की पंच म्हातारपणी बहकले. काकू मुळीच चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "बहकायला तरी उठून जावं लागतं. ह्यांचं बूड हौदावरून हलंल तेव्हा ना."

पंचांची एक चूकही मी पाहिली. घरचा गडीच सारखा जिंकतो, बाकीच्यांना जागा मिळत नाही, हे त्यांच्या न्यायबुद्धीला बघवेना. मग त्यांनी हौदाच्या चारी कोपऱ्यांना चार काड्या खोचल्या, की चौघांची सोय होईल. झालं उलटंच. मरून ठिपक्याचा गडी चारही काड्या आपल्याच समजायला लागला. ह्या काडीवरून उठ, त्या काडीवरच्याला हुसक, तोवर पहिल्या काडीवर तिसराच. दिवसभर नुसती धावपळ. मादी आली, गोंधळ बघून निघून गेली. संध्याकाळी काकांनी तीन काड्या उपटल्या आणि स्वतःलाच शिट्टी मारली. "पाणी एकच हाय," ते म्हणाले. "बसायच्या जागा वाढवून पाणी वाढत नाय." मला ते तेव्हा चतुरांबद्दल वाटलं.

कारण तोवर मला दुसरी गोष्ट नीट ठाऊक नव्हती. हौदाच्या पलीकडे थोरल्यांचा मळा होता. थोरले म्हणजे काकांचे सख्खे मोठे भाऊ. वडील गेल्यावर मळ्याची वाटणी झाली तेव्हा दोघांत काहीतरी बोलाचाली झाली आणि बोलणं बंद पडलं. दोन मळ्यांच्या मधोमध थोरल्यांनी भिंत घालायला घेतली. भिंत वरून आली, खालूनही आली, आणि दोन्हीकडून हौदापाशी येऊन थांबली, कारण हौद बरोबर मधोमध होता. गवंडी हौदातूनच भिंत घ्यायला आले त्या दिवशी काका हौदाच्या काठावर जाऊन बसले आणि जोरात शिट्टी मारली. गवंडी घाबरून थापी टाकून गेले. तेव्हापासून भिंतीचे दोन तुकडे आणि मध्ये हौद, असं ते चित्र वर्षानुवर्षं होतं. थोरले हट्टी होतेच, पण त्यांची मुलं जास्त घाईची होती. त्यांना पलीकडचा मळा प्लॉट पाडून विकायचा होता, आणि अर्धवट भिंतीचा मळा कोण घेतो?

काकांना भिंत नको होती. लोक म्हणायचे, चतुरांपायी म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. काका स्वतःही तेच सांगायचे, की अर्ध्या हौदावर चतुर बसत नाही. पण खरं सांगू का, तो हौद म्हणजे दोन भावांत उरलेली एवढी एकच सामाईक गोष्ट होती. तीही चिरली तर काय राहणार होतं? काकांना हे तोंडाने म्हणता येत नव्हतं, म्हणून ते चतुरांचं नाव सांगत होते.

एका पावसाळ्याच्या शेवटी आम्ही दोघं आणि काका-काकू इगतपुरीकडच्या घाटात सहलीला गेलो. वर झाडांनी आभाळ झाकलेलं, खाली ओढा, आणि पानांतून कुठेतरी चिंचोळी उन्हाची तिरीप उतरलेली. आम्ही थालीपिठांची पुरचुंडी सोडली. काका ओढ्याकाठी बसले ते उठेनात. तिथला चतुर पाण्यासाठी भांडत नव्हता. पाणी काय, हवं तेवढं होतं. तो भांडत होता उन्हाच्या त्या कवडशासाठी. गर्द रानात ऊन महाग. कवडसा दगडावर पडला होता तोवर चतुर दगडावर. जो कोणी कवडशात शिरेल त्याला हुसकून लावायचा. हळूहळू ऊन सरकलं, कवडसा दगडावरून पलीकडच्या फांदीवर गेला, आणि फांदीवर बसलेल्या दुसऱ्याच चतुराचं राज्य सुरू झालं. पहिल्याने तक्रार केली नाही. काका ते किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. परत येताना जीपमध्ये एवढंच पुटपुटले, की इथली हद्द सरकते.

दुसऱ्या दिवशी मला हाक आली. आपल्या हौदावरही तसंच आहे, काका सांगायला लागले. सकाळी काडीवर मरून ठिपकेवाला असतो, दुपार कलली की तो निघून जातो आणि त्याच काडीवर गुलाबी ठिपकेवाला येतो. काडी एक, पाणी एक, भांडण नाही. आजवर त्यांनी ते पाहिलं होतं पण लक्षात घेतलं नव्हतं. मग गळ्यातली शिट्टी बोटांनी फिरवत राहिले.

"थोरल्यांना सांगा," शेवटी म्हणाले. "बाबांच्या वेळंला विहिरीची पाळी होती, तशी हौदाची पाळी लावू. सकाळ माझी, दुपार तुमची. मधी भिंत नको."

विहीर एक आणि वाफे दोघांचे असले की पाणी पाळीने घ्यायचं, ही मळ्यातली जुनी रीत. त्यांच्या वडिलांनी दोघा पोरांना तशीच लावून दिली होती. मी निरोप घेऊन पलीकडे गेले. थोरले कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसले होते. काकांपेक्षा उंच, आवाज घोगरा, चेहऱ्यावर सदा वैताग. माझं सगळं ऐकून घेतलं. केळीच्या सोपाच्या दोरीने एक जुडी आवळली. मग विचारलं, "हे त्याला त्या हेलिकॉप्टरांनी शिकवलं का?" मी हो म्हटलं. त्यांनी आणखी एक जुडी बांधली आणि म्हणाले, दुपारची माझी.

पाळी सुरू झाली. काका ऊन वर यायच्या आत क्रेटवर बसायचे आणि जेवायच्या वेळेला उठायचे. ते घरात शिरले की पलीकडून थोरले यायचे, जुड्या धुवायचे, काठावर निथळत ठेवायचे. दोघं कधी समोरासमोर आले नाहीत. थोरले चतुरांकडे बघायचेही नाहीत, निदान तसं दाखवायचे. पण एकदा मी खिडकीतून पाहिलं, हातातली मेथी तशीच धरून ते काडीकडे टक लावून उभे होते. मग इकडेतिकडे बघितलं आणि पटकन जुडी पाण्यात बुडवली. मी हे काकांना सांगितलं तर दिवसभर त्यांच्या मिशीत हसू होतं.

असं बरीच वर्षं चाललं. दर मोसमात गडी नवे, पण काका सकाळच्याला मरून आणि दुपारच्याला गुलाबी ठिपका लावायचेच. मग काकांचा हर्निया बळावला आणि ऑपरेशन ठरलं. ऑपरेशनची त्यांना भीती नव्हती, भीती होती ती हौदाची. रिकामी काडी दिसली की परका येऊन बसतो, हे त्यांनी इतकी वर्षं डोळ्यांनी बघितलेलं. त्यातच त्या आठवड्यात पलीकडे ट्रॅक्टरने विटा येऊन पडल्या होत्या. थोरल्यांची मुलं भिंतीपाशी टेप धरून उभी असलेली मीही बघितली. दवाखान्यात नर्सने अंगावरचं सगळं काढायला लावलं तेव्हा काकांनी गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली.

"माझ्या क्रेटवर ठेवा," ते म्हणाले. "एस.टी.त रुमाल टाकतात ना, तशी. जागा धरलीये हे दिसाया पाहिजे."

मी घरी येऊन शिट्टी क्रेटवर ठेवली. ऑपरेशन नीट झालं. पण दुसऱ्या दिवशी ह्यांना कामावर पाठवून मी खिडकीशी आले तर काय, सकाळची वेळ, काकांची पाळी, आणि काकांच्या क्रेटवर थोरले बसलेले. काकांची शिट्टी त्यांच्या गळ्यात. पलीकडे विटांचा ढीग. मला इतका संताप आला की चहाचा कप हातात तसाच घेऊन मी खाली गेले. म्हटलं, सख्खा भाऊ टाके घालून पडलाय आणि तुम्ही त्याची जागा बळकावता? लाज नाही वाटत?

थोरले उठले नाहीत. काडीवरची नजरही हलली नाही. "हळू बोला," म्हणाले. "गडी बिथरतो."

मग थोड्या वेळाने त्यांनी सांगितलं. मुलांनी दोन दिवसांत भिंत उरकायची ठरवलं होतं, काका घरी यायच्या आत. त्यांना अडवायचं तर नुसत्या बोलण्याने ते ऐकणाऱ्यांतले नव्हते. म्हणून थोरले दिवस उगवायच्या आधीच येऊन बसले होते. बाप क्रेटवर बसलेला असताना त्याच्या अंगावरून भिंत कोण नेणार? "त्याची पाळी हाय, त्याचीच राहील," थोरले म्हणाले. "मी नुसता राखतोय." माझ्या हातातला चहा मी त्यांना दिला. दुसरं काय करणार होते? डोळ्यांतलं पाणी पदराने पुसलं आणि डबा घेऊन दवाखान्यात गेले.

काकांना सगळं सांगितलं. ते वर पंख्याकडे बघत पडून राहिले. काकूंनी मऊ भात भरवायला घेतला तर मान फिरवली. मला वाटलं, विश्वास बसला नाही. दुपार कलायला लागली आणि वॉर्डच्या दारात थोरले दिसले. धुतलेलं धोतर, पायांना मळ्याची माती, गळ्यात शिट्टी. इतक्या वर्षांत दोघं भाऊ एका छपराखाली आले नव्हते. काकू उठून उभ्याच राहिल्या.

काकांनी भावाकडे पाहिलं. पहिला शब्द काय निघावा? "दुपारची पाळी तुझी ना? मग हौदावर कोण हाय?"

"कोण नाय," थोरले म्हणाले.

"आणि पोरं?"

"विटा परत भरून दिल्या. पोरं रुसलीत. रुसू दे." थोरले पलंगाशी उभे राहिले, हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. "गुलाबी आला होता मी निघालो तेव्हा. बसलाय काडीवर."

काका पोटावरच्या टाक्यांवर हात दाबून, कण्हत कण्हत, वीतभर भिंतीकडे सरकले. आयुष्यात कुणासाठी जागचे न हललेले काका. त्या अरुंद पलंगावर जागा झाली आणि थोरले तिथे टेकले.

एवढ्यात नर्स आली. एका पेशंटपाशी तिघं कशी, भेटायची वेळ संपली, चला, बाहेर चला, असं म्हणत ती पलंगाशी आली. थोरल्यांनी गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि सगळा वॉर्ड दचकेल अशी फुंकली. वर हाताने खूण केली, मागे सरा. नर्स खरंच दोन पावलं मागे सरली.

मी काकांकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि हसायला गेलं की टाके दुखत होते.

"शिट्टी चुकीची धरली," ते म्हणाले. "निर्णय बरोबर हाय."